मालकाची रजा

दुकानातल्या नोकराला आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते. मालकाला ती द्यायची कुणी? आमच्या कोपऱ्यावरचे कापडवाले शेठ दरसाल म्हणतात, "एवढी लग्नसराई संपू द्या, मग जाऊ!" लग्नसराई संपते, तो शाळेच्या गणवेशांची गर्दी उभी. पंधरा वर्षे हा हिशेब पुढच्या पानावर ओढला जातो आहे.

आणि रात्री हिशेबाच्या वह्या लिहिते कोण? शेठाणीबाई! त्यांची रजा तर कुणाच्या खिजगणतीतही नाही.

तेव्हा शेठ, ऐका. भाऊबीज आणि तुळशीचे लग्न यांच्यामध्ये आठ-दहा दिवस मिळतात. त्यांतले चार काढा आणि दोघे माथेरान गाठा. नेरळहून डोंगर चढणारी छोटी आगगाडी १९०७ सालची. तिलाही घाई ठाऊक नाही. मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुढे तांबड्या मातीतून पायी हिंडावे. किल्ल्या मुनीमजींकडे, मोबाइल ट्रंकेत, आणि उधारीचा विषय वर्ज्य!

पहिल्या दिवशी बोलायला काही सुचणार नाही. घाबरू नका. दुकानाखेरीज दोघांत काय उरले आहे, हे पाहायलाच तर जायचे!