पडद्यावरचं सुतक

२०१३ साली पुतण्याला घेऊन ‘झपाटलेला २’ बघायला गेलो होतो. थ्रीडीचा चष्मा नाकावरून घसरत होता, तात्या विंचू अंगावर येत होता, दिलीप प्रभावळकरांचा आवाजही तोच होता. मी मात्र सारखा एकाची वाट बघत होतो, आणि तो येणार नाही हे तिकीट काढतानाच माहीत होतं. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेला. १९९३ च्या ‘झपाटलेला’त बाहुल्यात अडकलेल्या तात्याला माणसात परतायला लक्ष्याचंच शरीर हवं होतं. आता लक्ष्याच नाही म्हटल्यावर गोष्ट चालायची कशी? महेश कोठारेंनी घरगुती हिशेब केला: बाप नाही तर मुलगा. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत त्यांनी आपल्याच मुलाला, आदिनाथला उभं केलं. तात्याला सावज मिळालं. आम्हाला लक्ष्या मिळाला नाही, पण तो आहे असं कुणी भासवलंही नाही.

नाटकवाल्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. आप्पा बेलवलकर डॉ. लागूंनी केले, दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले. रिप्लेसमेंट होते, जाहिरातीतलं नाव बदलतं, तिसरी घंटा वाजते. तुलना व्हायची ती मध्यंतरात बटाटेवड्यासोबत होते. सिनेमात चेहराच भूमिका होऊन बसतो, म्हणून तिथे पंचाईत. तरी ‘हॅरी पॉटर’वाल्यांनी धीर केला. २००२ मध्ये रिचर्ड हॅरिस गेले आणि तिसऱ्या भागापासून मायकेल गॅम्बन डम्बलडोर झाले. (लांब दाढी कामाला आली.) आपल्याकडे ‘शर्माजी नमकीन’ हा काही पुढचा भाग नव्हे, पण ऋषी कपूरचं अर्धवट राहिलेलं काम त्यात परेश रावलनं पूर्ण केलं. एका प्रसंगात हे शर्माजी, पुढच्यात ते. थोड्या वेळानं डोळा सरावतो. प्रेक्षकाला विश्वासात घेतलं की तो बरंच चालवून घेतो.

चॅडविक बोझमन २०२० च्या ऑगस्टमध्ये कर्करोगानं गेला. वय ४३. आजार त्यानं बहुतेकांपासून लपवला होता. ‘ब्लॅक पँथर’च्या पुढच्या भागाची पटकथा त्याला धरूनच रचलेली. दिग्दर्शक रायन कूगलरनं ती बाजूला ठेवली आणि बोझमनची टचाला राजाची भूमिका दुसऱ्या कुणाला दिली नाही. २०२२ चा ‘वकांडा फॉरेव्हर’ सुरू होतो तो टचालाच्या बहिणीच्या प्रयोगशाळेत. भावाला वाचवायचं औषध हाती लागावं म्हणून शुरीची धडपड चाललेली. मागून आई येते आणि सांगते, तुझा भाऊ पूर्वजांकडे गेला. रोगाचं नाव नाही, अंथरुणावरचा राजा आपल्याला दिसत नाही. मग अंत्ययात्रा, आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. इंग्रजी सिनेमातल्या काळ्या कोटांची सवय असलेल्या मला ते पांढरं एकदम आपल्या आळीतलं वाटलं. त्यानंतर मार्व्हलचा लोगो येतो, त्यात फक्त बोझमन आणि संगीत अजिबात नाही. माझ्या शेजारचा पॉपकॉर्न चावायचा थांबला. पुढे समुद्रातलं सैन्य वगैरे येतं, सिनेमा लांबतो, मधेच ढेपाळतो. पण शोक तो झटकून टाकत नाही. शेवटी शुरी सुतकाचे कपडे समुद्रकाठी जाळते, तोवर तो धरून ठेवतो.

‘फास्ट अँड फ्युरियस’नं याच्या उलट केलं. सातव्या भागाचं चित्रीकरण अर्ध्यावर असताना, २०१३ च्या नोव्हेंबरात पॉल वॉकर मोटारीच्या अपघातात गेला. त्याचे भाऊ केलेब आणि कोडी यांनी शरीर दिलं, संगणकानं चेहरा चढवला. शेवटी दोन गाड्या शेजारी धावतात, रस्ता फुटतो, पांढरी गाडी आपल्या वाटेनं जाते. मीही रडलो, नाकारत नाही. मात्र ब्रायन हे पात्र त्यांनी जिवंत ठेवलं. मग २०२१ च्या नवव्या भागात जग बुडायची वेळ येते, त्याची बायको लढायला निघते आणि हा गडी म्हणे घरी पोरं सांभाळतोय! शेवटच्या पंगतीत एक खुर्ची रिकामी, दारात निळी गाडी वळते, आणि सिनेमा संपतो. आजीला धक्का बसेल म्हणून थोरल्याची बातमी लपवायची आणि ‘तो दुबईला आहे, सुट्टी मिळत नाही’ म्हणत राहायचं, तशातली गत. आजीला बहुधा सगळं कळलेलं असतं.

‘स्टार वॉर्स’चं प्रकरण आणखी पुढचं. कॅरी फिशर २०१६ मध्ये गेली. २०१९ च्या भागात तिची आधीची न वापरलेली दृश्यं घेतली आणि भोवतीनं प्रसंग लिहिले. म्हणजे उत्तरं आधी, प्रश्न नंतर. लेया बोलते ते सगळं जरा मोघम वाटतं ते यामुळेच. तरी ते काम तिनं स्वतः केलेलं होतं. याच मालिकेतले पीटर कुशिंग मात्र १९९४ सालीच गेले होते. २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये गाय हेन्री या नटाच्या अंगावर त्यांचा चेहरा बसवला गेला. वारसांची परवानगी होती म्हणतात. असेल. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, ते जमिनीचं. कुशिंग यांनी ते वाक्य कसं टाकलं असतं, भुवई कुठे उचलली असती, ते कुठल्या उताऱ्यावर नोंदवलेलं नसतं.

परवा त्याच पुतण्यानं एक क्लिप पाठवली, एआयनं केलेली. लक्ष्या मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतोय. केस बरोबर, शर्ट बरोबर, हसूही जवळपास तेच. दोनदा बघितली. पंच टाकण्याआधी लक्ष्या अर्धा श्वास थांबायचा आणि तेवढ्यात अख्खं थिएटर हसायला तयार व्हायचं. क्लिपमधला न थांबता बोलत गेला. पुतण्याला ‘मस्त’ असं लिहिलं, मग खोडलं. अजून उत्तर दिलेलं नाही.

— पिटकर