लखनऊत परवडणारे कला शिक्षण: महाविद्यालयाचे नाव नव्हे, जागेचा प्रकार आणि योजनेची अट पाहा

बारावीत ७० ते ८५ टक्के गुण मिळवलेल्या आणि इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा भाषा शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची एक अडचण असते. गुणवत्ता यादीतील पहिल्या काही जागा त्यांना मिळत नाहीत. ‘लिबरल आर्ट्स’ या नावाने पदवी देणाऱ्या खासगी विद्यापीठांचे वर्षाचे शुल्क लाखांत असते. मात्र अनेक विषय एकत्र शिकवणारी पदवी सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतही मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर तेथेही मुख्य विषयासोबत इतर शाखेचा विषय घेता येतो. लखनऊत असे पर्याय बरेच आहेत, पण मदतीच्या योजनांच्या अटी कला शाखेला फारशा अनुकूल नाहीत. म्हणून प्रवेशाआधीच हिशेब मांडावा लागतो.

एकाच महाविद्यालयात दोन प्रकारचे शुल्क

लखनऊ विद्यापीठ १९२० मध्ये स्थापन झाले. इझाबेला थोबर्न, नॅशनल पीजी, जय नारायण मिश्र (केकेसी), लखनऊ ख्रिश्चन, शिया पीजी आणि नवयुग कन्या ही महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. अलीगंज येथील नेताजी सुभाषचंद्र बोस महिला महाविद्यालय आणि आशियाना येथील महाराजा बिजली पासी महाविद्यालय ही दोन्ही सरकारी आहेत.

सरकारी महाविद्यालयात शुल्क सर्वांत कमी असते. अनुदानित महाविद्यालयात मात्र एकाच इमारतीत दोन प्रकारच्या जागा असू शकतात: अनुदानित आणि सेल्फ-फायनान्स. पदवी एकच, पण सेल्फ-फायनान्स जागेचे शुल्क बरेच जास्त असते. म्हणून ‘महाविद्यालयाची फी किती?’ एवढे विचारून थांबू नका. ‘मला मिळणारी जागा अनुदानित आहे का, आणि तीन वर्षांचे एकूण शुल्क किती?’ असे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ हे लखनऊतील केंद्रीय विद्यापीठ आहे. येथे अनुसूचित जाती व जमातींसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते. ती १३ भाषांत होते आणि त्यात मराठीही आहे. येथे बारावीच्या टक्केवारीपेक्षा परीक्षेतील गुण महत्त्वाचे असल्याने मध्यम गुणांच्या विद्यार्थ्यालाही संधी मिळते.

शिष्यवृत्ती: पात्रता म्हणजे हमी नव्हे

‘पीएम-यूएसपी’ अंतर्गत केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती ही चांगल्या, पण अव्वल नसलेल्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत जवळची योजना आहे. आपल्या बोर्डात आणि शाखेत ८० पर्सेंटाइलपेक्षा वर असलेला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असलेला आणि नियमित महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी अर्ज करू शकतो. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असून त्यांतील निम्म्या मुलींसाठी आहेत.

अडचण वाटणीत आहे. राज्य बोर्डांच्या वाट्याच्या शिष्यवृत्त्या विज्ञान, वाणिज्य आणि कला या शाखांत ३:२:१ या प्रमाणात विभागल्या जातात. म्हणजे कला शाखेला सहापैकी एकच भाग मिळतो. त्यामुळे पात्र असूनही नाव यादीत येईलच असे नाही. ही रक्कम गृहीत धरून महागडी जागा घेऊ नका. मिळाल्यास ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती राखल्यावरच नूतनीकरण होते.

इतर योजनांचा कलही व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण सवलतीत तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणि सरकारी संस्थांना प्राधान्य आहे. आपले महाविद्यालय यादीत आहे का, ते आधी पाहा. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये मुलींसाठी जाहीर झालेली १०० टक्के शुल्कमाफीही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बीएसाठी किंवा लखनऊतील प्रवेशासाठी तिचा उपयोग नाही.

मूळ राज्य कोणते, हे आधी ठरवा

उत्तर प्रदेशची दशमोत्तर शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्ती योजना तेथील रहिवाशांसाठी आहे. उत्पन्न मर्यादा अनुसूचित जाती-जमातींसाठी २.५ लाख रुपये आणि इतर प्रवर्गांसाठी २ लाख रुपये अशी राहिली आहे. यंदाची मर्यादा अर्जाच्या सूचनेत तपासा.

मराठी कुटुंबांनी येथे विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्रातील जातप्रमाणपत्राच्या आधारे उत्तर प्रदेश सरकारचे आरक्षण आपोआप मिळत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला केंद्रपुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्याकडून मिळते, म्हणून महाराष्ट्राचे रहिवासी असल्यास तेथील समाजकल्याण कार्यालयात आधी चौकशी करा. केंद्रीय विद्यापीठातील प्रवेशासाठी मूळ राज्याचे अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र चालते. ओबीसी विद्यार्थ्यांची जात केंद्रीय यादीत असावी लागते.

प्रवेशाआधी हे करा

१. जागेचा प्रकार आणि तीन वर्षांचे शुल्क लिहून घ्या. त्यात परीक्षा शुल्क, वसतिगृह आणि प्रवास मिळवा.
२. उत्पन्न, रहिवासी आणि जात प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवा.
३. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. आधार, गुणपत्रिका आणि खाते यांवरील नाव एकसारखे असावे.
४. एकापेक्षा जास्त योजनांना पात्र असाल, तर दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येतात का ते पाहून जास्त लाभाची निवडा.
५. प्रतिपूर्तीची रक्कम उशिरा येऊ शकते. पहिल्या वर्षाचे शुल्क शिष्यवृत्तीशिवाय भरता येईल, अशीच जागा निवडा.