यंत्र हवेच, पण चालवणारेही तयार हवेत



‘किरणोपचारासाठी आधी यंत्रे घ्या, आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण ही चैन आहे’ या आशयाचे पत्र मागील अंकात वाचले. यंत्रांचा तुटवडा खराच. निष्कर्ष मात्र पटला नाही.

१९९६ साली कोस्टारिकातील सान होसेच्या रुग्णालयात किरणोपचार यंत्रात नवा कोबाल्ट स्रोत बसवल्यावर डोसचे गणित करताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असे धरले गेले. प्रत्यक्षात ते १८ सेकंद! शंभराहून अधिक रुग्णांना जादा डोस मिळाला, काही दगावले. यंत्रात बिघाड नव्हता; चुकले ते माणसाचे गणित. त्यासाठी प्रशिक्षण हवेच; तरीही अशी चूक रोजच्या माणसांच्या नजरेतून निसटते. त्रयस्थ तपासणी लागते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने डोसिमीटर (डोस मोजणारी साधने) पाठवून रुग्णालयांचे डोस पडताळतात.

शिवाय आंतरराष्ट्रीय सहकार्यात आपण केवळ घेणारे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे किरणोपचार यंत्र व्हिएतनामलाही दिले गेले. तेव्हा यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावातच डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ या तिघांच्या प्रशिक्षणाची तरतूद सक्तीची करावी.

— एक वाचक, नाशिक