सणाला फर्मान चालत नाही

नाताळ म्हटले की दिव्यांनी सजलेले झाड, भेटकार्डे आणि केक डोळ्यांपुढे येतात. हे सारे पूर्वापार असेच चालत आले असावे, असे वाटते. पण नाताळचे हे रूप ज्या इंग्लंडने जगभर नेले, त्याच इंग्लंडमध्ये एकेकाळी नाताळवर कायद्याने बंदी होती. आणि ती घालणारे परधर्मीय नव्हते, कट्टर ख्रिस्तीच होते.

पार्लमेंटवर पकड असलेल्या प्युरिटन या कट्टरपंथी ख्रिस्तींनी जून १६४७ मध्ये नाताळ आणि ईस्टर हे सण रद्द केले. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच नाही, मग हा दिवस पवित्र कसा, असा त्यांचा सवाल होता. सणाच्या नावाखाली चालणारी दारू आणि जुगारही त्यांना खुपत होता. नोकरचाकरांची सुट्टी बुडू नये म्हणून त्यांनी दर महिन्याचा दुसरा मंगळवार मोकळा ठरवून दिला. शास्त्राधार होता, पर्यायी सोयही होती. लोकांचे मन मात्र त्यांनी विचारात घेतले नाही.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाजार उघडा ठेवा, असा हुकूम कँटरबरीच्या महापौरांनी काढला. मूठभर दुकानदारांनी तो पाळला. जमावाने त्यांचा माल रस्त्यावर फेकला, दारांवर हॉलीच्या हिरव्या डहाळ्या लागल्या आणि भररस्त्यात फुटबॉल सुरू झाला. ही धग पुढच्या वर्षी केंटमधल्या पार्लमेंटविरोधी राजनिष्ठांच्या उठावापर्यंत पोचली. दरम्यान उलथलेली राजेशाही १६६० मध्ये परतली आणि बंदी निकालात निघाली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदाही १६८१ मध्ये मागे घ्यावा लागला. स्कॉटलंडमध्ये मात्र नाताळविरोध टिकला, कारण तिथे तो केवळ सरकारचा नव्हता, चर्चने तो लोकांत रुजवला होता. लोकांनी आपला उत्साह वर्षअखेरीच्या रात्रीकडे वळवला. नाताळची सार्वजनिक सुट्टी तिथे थेट १९५८ मध्ये सुरू झाली.

याउलट, आज नाताळची ओळख बनलेल्या गोष्टी कुणाच्या हुकमाने आल्या नाहीत. विक्रीसाठी छापलेले पहिले भेटकार्ड १८४३ मधले. सजवलेले झाड मूळचे जर्मनांचे; राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये छापून आले आणि ती प्रथा इंग्लंडमध्ये झपाट्याने पसरली. लोकांना आवडले, त्यांनी ते आपलेसे केले.

सण कोणताही असो, त्याचे एकच ‘खरे’ रूप ठरवून ते इतरांवर लादू पाहणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. वाईट चालींवर बोलावे, वाद घालावा, मने वळवावीत. तो मार्ग लांबचा असला तरी बदल त्यानेच टिकतो. शेजाऱ्याला त्रास होणार नाही एवढे सरकारने पाहावे. सण कसा साजरा करायचा, हे ठरवण्याचा हक्क तो साजरा करणाऱ्यांचाच आहे.