दोन पगार, दुहेरी ताण

विशेष प्रतिनिधी

घरात दोन पगार येऊ लागले की संसाराची ओढाताण संपते, हा समज मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गाने केव्हाच मागे टाकला आहे. गृहकर्जाचा हप्ता आणि शाळेची फी भागते. दिवसाचे तास मात्र वाढत नाहीत. पाळणाघर बंद होण्याची वेळ झाली आणि कार्यालयातील बैठक लांबली, की निरोप बहुधा आईलाच जातो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीत हे चित्र आकड्यांत दिसते. घरकाम करणाऱ्या महिला २०२४ मध्ये त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करत होत्या, तर घरकामात सहभागी होणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ व ९७ होते. ही सरासरी केवळ नोकरदारांची नाही, हे खरे. तरीही स्त्रीची वाचलेली दहा मिनिटे पुरुषाच्या खात्यावर गेली नाहीत, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मात्र हा प्रश्न एकट्या पत्नीचा नाही. ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये या संघर्षाची तीन रूपे सांगितली : वेळेची टंचाई, ताण आणि वागणुकीतील विसंगती. पुढील संशोधनाने आणखी एक बाब मांडली. एका जोडीदाराचा ताण दुसऱ्याकडे संक्रमित होतो. पत्नीने बढती नाकारली, तर खर्चाचा भार पतीवर येतो. तो अधिक वेळ कार्यालयात थांबतो आणि घरातील उरलेले काम पुन्हा तिच्याच वाट्याला येते. मुलाच्या आजारपणासाठी रजा मागणाऱ्या पित्याकडे ‘घरी कोणी नाही का?’ अशा नजरेने पाहिले जाते, तेव्हा हे चक्र अधिकच घट्ट होते.

कायद्यानेही ते पुरेसे सैल केलेले नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. पित्यासाठी मात्र त्यात तरतूद नव्हती. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते; खासगी क्षेत्रात ती बहुतांशी मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे. परिणामी मूल ही आईचीच जबाबदारी, हा संदेश कायम राहतो आणि स्त्रीला नोकरी देताना मालकही हात आखडता घेण्याची शक्यता राहते.

दाम्पत्याने आपसांत कामे वाटून घ्यावीत, हा सल्ला योग्यच. पण तो अपुरा आहे. पित्याला रजा मागताना संकोच वाटणार नाही, अशी कार्यालये निर्माण झाली, तरच ही वाटणी प्रत्यक्षात उतरेल.