नेम

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाच्यासाठी टिकल्यांचे पिस्तूल घ्यावे म्हणून मी राजगुरुनगरच्या बाजारात गेलो होतो. दुकानदाराने एक पत्र्याचे पिस्तूल काढून चालवून दाखवले. चार टिकल्यांतली एक वाजली, दोन नुसत्याच चेपल्या आणि चौथी घरंगळून खाली पडली. मी त्याच्याकडे पाहिले.

"चालायचंच, सर! पोरांचं खेळणं ते!" तो म्हणाला.

मीही सवयीने "हो, चालायचंच" म्हणून खिशात हात घातला. तोच मागून कोणीतरी हसले. वळून पाहतो तो माझाच एक जुना विद्यार्थी. हा मुलगा माझ्या वर्गात ऱ्हस्वदीर्घाचे वाटोळे करण्याबद्दल प्रसिद्ध होता. आता चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो यंत्रावर काम करतो.

"सर, आमच्याकडं असं चालवून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील," तो म्हणाला. "तुम्ही एका वेलांटीला अर्धा मार्क कापायचात. तिथं मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडंतिकडं झाला की अख्खा नग भंगारात!"

चहा घ्यायला बसलो, तेव्हा त्याने मनातली गोष्ट काढली. बंगळूरची एसएसएस डिफेन्स ही खासगी कंपनी दूरवर अचूक मारा करणाऱ्या रायफली बनवते, हे त्याने वाचले होते. मोटारींच्या स्प्रिंगा करणाऱ्या उद्योगसमूहातून ही कंपनी निघालेली. तिच्या 'सेबर' नावाच्या रायफलीला एका मित्रदेशाकडून मागणी आल्याच्या बातम्या 2024 साली वृत्तपत्रांत झळकल्या होत्या.

"अरे, स्प्रिंग कुठे आणि रायफल कुठे?" मी म्हणालो.

"तसं नाही, सर. क्रँकशाफ्टला तेलासाठी लांब, बारीक भोकं पाडतात ना, त्या हत्याराचं नावच मुळी 'गनड्रिल' आहे. बंदुकीच्या नळीसाठी निघालेलं हत्यार ते. आम्ही मोटारीसाठी वापरतो, एवढंच."

मी भाषेचा मास्तर. शब्दापाशी अडलो की पुढे जाववत नाही. घरी येऊन वाचू लागलो आणि या विषयात चांगलाच गुंतलो.

वाचकहो, रायफल आणि साधी बंदूक यांत फरक आहे तो नळीच्या आतल्या मळसूत्री खाचांचा. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते, म्हणून सरळ जाते. पण दोन-सव्वादोन फूट लांबीच्या पोलादी कांबीत करंगळीहून बारीक भोक पाडायचे, ते रेसभरही वाकू द्यायचे नाही आणि त्याच्या आत एकसारख्या खाचा काढायच्या, हे काम येरागबाळ्याचे नव्हे. शिवाय पोलादात कोठे ताण राहिला असेल, तर दहा-वीस गोळ्यांनी नळी तापली की ती किंचित मुरडते आणि गोळ्या भलतीकडे सरकू लागतात. म्हणून ते पोलाद आधी तापवून, हळूहळू निववून शांत करून घ्यावे लागते.

अंशाच्या साठाव्या भागाला आपले पंचांगवाले 'कला' म्हणतात. नेमात एका कलेची चूक झाली, तर हजार मीटरवर गोळी सुमारे 29 सेंटीमीटर, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटे, बाजूला पडते. चांगल्या स्नायपर रायफलीच्या गोळ्या या एका कलेच्या आत पडाव्यात अशी अपेक्षा असते.

मग असे हत्यार आपल्याकडे खासगी कारखानदाराने इतक्या उशिरा का हाती घेतले? त्याचे उत्तर कारागिरीत कमी आणि कायद्यात जास्त आहे. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र केले. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या आणि पुन्हा 1956 च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारसाठी राखून ठेवली. इच्छापूरला सरकारी कारखान्यात रायफली होत राहिल्या. परवानाधारक खासगी कारागिरांच्या वाट्याला मुख्यतः बाराबोरी बंदुका आल्या. 2001 साली संरक्षण उत्पादनाचे दार परवाना घेऊन येणाऱ्या खासगी उद्योगांना उघडले. पण दार उघडल्याबरोबर हात तयार होत नाहीत. 2019 सालीही उत्तर सीमेवरच्या आपल्या जवानांसाठी नव्या स्नायपर रायफली अमेरिकेतून आणि इटलीतून आणाव्या लागल्या.

खेळातही तेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या खेळातले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे असते. तेवढ्याशा ठिपक्यावर मन स्थिर करणारी माणसे आपल्याकडे निपजतात. पण वाल्थर, आन्शुट्झ, फाइनवेर्कबाउ ही या खेळातली मातबर नावे सारी जर्मनीची.

आता मात्र वारे फिरते आहे. पुण्याच्या पाषाणमधल्या संशोधन संस्थेने आखलेली कार्बाइन पुण्याचीच भारत फोर्ज बनवणार आहे. क्रँकशाफ्ट घडवून नावारूपाला आलेला हा कारखाना! कार्बाइन जवळच्या माऱ्याची, स्नायपर रायफल लांबच्या. दोघींच्या कामात फरक आहे. पण मुंढव्यापासून चाकणपर्यंत मायक्रॉनच्या भाषेत बोलणारे हजारो हात तयार झाले आहेत, हे खरे. रायफलीचे कसब आभाळातून पडत नाही. स्प्रिंग, क्रँकशाफ्ट, गिअर अशा बिनबोभाट वस्तू वर्षानुवर्षे बिनचूक केल्यावर ते हाताला लागते.

आपल्या मराठीने ही गोष्ट एका शब्दात केव्हाच सांगून ठेवली आहे. 'नेम' म्हणजे लक्ष्यावर रोखलेली नजर. आणि 'नेम' म्हणजे रोज न चुकता पाळायचा नियमही. आजीचा एकादशीचा नेम आणि शिकाऱ्याचा नेम, शब्द एकच. न चुकता पाळतो तो एक दिवस 'नेमका' होतो. आमच्या "चालायचंच"ला या शब्दात जागा नाही. प्रश्नपत्रिकेतली छापील चूक पाहूनही "मुले घेतील समजून" म्हणून ती तशीच जाऊ देणाऱ्या मला हे उमगायला टिकल्यांचे पिस्तूल लागले, ही लाजेची गोष्ट आहे.

पण त्या मुलाने चहा संपवताना जे विचारले, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

"सर, चाकणला असलं काम निघालं, तर मी जाऊ का? पगार बरा मिळेल. पण आई माळकरी. ती म्हणते, माणूस मारायच्या वस्तूचा घास आपल्या घरात नको."

आळंदी आमच्याच तालुक्यात. त्या माऊलीला काय उत्तर द्यावे? सीमेवर बर्फात पडून राहिलेला जवानही कोणा माळकरणीचा मुलगा असतो, त्याच्या हातात खोटे हत्यार देणे हेही पापच, असे मी म्हणालो. त्याला ते पटले. मला अर्धेच पटले.

घरी जाताना हुतात्मा राजगुरूंच्या वाड्यावरून गेलो. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरला पहिली गोळी आमच्या गावच्या या मुलाने झाडली. नेम अचूक लागला. पण क्रांतिकारकांना हवा होता स्कॉट. ओळखणाऱ्याची गफलत झाली आणि समोर आला तो साँडर्स. त्या वीराच्या हाताला दोष नाही. पण केवढा धडा आहे हा! नळी कितीही नेमकी असली, तरी पुढे उभा आहे तो कोण, हे नळीला कळत नाही. ते माणसालाच नेमके कळावे लागते, आणि त्या कामी कोणतेही गनड्रिल उपयोगी पडत नाही.

परवा तो मुलगा पुन्हा भेटला. मी म्हटले, "आईला सांग, सर म्हणतात, तिचं सोडून देऊ नकोस. काम घेतलंस तर नळी बिनचूक कर. पण घरी आल्यावर तिचा प्रश्न रोज ऐकत जा."

तो हसला. "म्हणजे दोन नेम झाले, सर."

"दोन्ही पाळायचे," मी म्हणालो. या वेळी मात्र "चालायचंच" म्हणालो नाही.