अलक्ष्मीला टेम्पो कोण देणार?

अल्विनच्या जुन्या फ्रिजला हैदराबादेत अजून गिऱ्हाईक आहे. चार वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेल्या सोफ्याला नाही. दसरा उलटला की काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंतच्या मराठी घरांतले माळे रिकामे होतात, पलंग सरकतात आणि हा अनुभव पदरी पडतो. 'पात सामानुलु कोंटाम्' (जुनं सामान विकत घेतो) अशी हाळी देत गल्लीत आलेला भंगारवाला फ्रिज बघून लगेच भाव बोलतो. सोफा मात्र तो बोटांनी दाबून पाहतो, मागचं कापड जरा उचकतो, आतला फोम आणि भुशाच्या पाट्या दिसल्या की हातगाडी पुढे ढकलतो.

त्याचा हिशेब चोख आहे. निजामाच्या काळात, १९४२ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद अल्विनने पुढे फ्रिज काढले, पोलादी कपाटं काढली, बसच्या बॉड्या आणि घड्याळंसुद्धा काढली. त्या फ्रिजमध्ये जाड पत्रा आहे, तांब्याची नळी आहे, वजनदार कॉम्प्रेसर आहे. भंगारवाल्याला हवा असतो तो धातू, आणि तो सुटा करता आला पाहिजे. फोम, रेक्झिन, पार्टिकल बोर्ड आणि डिंक यांचा एकजीव झालेला सोफा फोडून हाती काय लागणार? मूठभर पिना.

फ्रिज विकला गेला म्हणजे निर्धास्त व्हावं, असंही नाही. गल्लीच्या तोंडाशी बसून छिन्नी-हातोड्याने कॉम्प्रेसर सुटा करताना नळी कापली जाते आणि फुस्सकन गॅस निघून जातो. जुन्या फ्रिजांत तो आर-१२ असायचा: ओझोनचा शत्रू, आणि पृथ्वी तापवण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट भारी. निदान इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नव्या नियमांत फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनपासून खेळण्यांपर्यंत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. जुन्या सर्किट बोर्डांतून धातू कसे काढावेत यावरचं संशोधन तर याच शहरात, चेर्लापल्लीच्या सी-मेट या संस्थेत चालतं.

सोफा, गादी, कपाट यांना मात्र असा कुणी वाली नाही.

त्यातही खरी अडचण गादीची. कापसाची गादी हा कधीकाळी घरातला न संपणारा जिन्नस होता. दोन-चार वर्षांत कापसाचे गठ्ठे झाले की पिंजाऱ्याला बोलावणं जाई. तेलंगणात हे काम दूदेकुला मंडळींचं. अंगणात किंवा गच्चीवर खोळ उसवायची, काळवंडलेला कापूस पसरायचा, मग तो माणूस पिंजणाची तात छेडत बसायचा. टंग टंग आवाजात दुपार जायची आणि ढीग बघता बघता दुप्पट फुगायचा. त्यात शेर-दोन शेर नवा कापूस मिसळला की नवी गादी तयार. अगदीच विरलेल्या कापसाची उशी, उशीचा लोड, आणि खोळीचं पायपुसणं. फोमच्या गादीला असा पुनर्जन्म नाही. ती खचली की खचली. स्प्रिंगवाल्या गादीत लोखंड असतं खरं, पण ते काढायला जेवढा वेळ जातो तेवढ्या वेळात भंगारवाल्याची चार घरं फिरून होतात.

मग ती जाते कुठे? नोव्हेंबर २०१५ मध्ये महापालिकेने कचरा गोळा करणारे 'स्वच्छ ऑटो' रस्त्यावर आणले आणि घरोघरी ओल्या-सुक्यासाठी हिरव्या-निळ्या बादल्या वाटल्या. रोजच्या केराची सोय त्यातून लागली. पण डबल बेडची गादी निळ्या बादलीत बसत नाही आणि बादल्या गोळा करायला निघालेल्या ऑटोतही तिला जागा नसते. अंधार पडला की ती कोपऱ्यावर उभी राहते, चार दिवसांनी भिजते आणि शेवटी नाल्यात उतरते. १३ ऑक्टोबर २०२० ला आभाळ फाटलं तेव्हा टोलीचौकीची नदीम कॉलनी, फलकनुमाची अल जुबैल कॉलनी पाण्याखाली गेली. नाल्यांवरची अतिक्रमणं आणि तलावांत उठलेल्या वसाहती ही मोठी कारणं होतीच, पण नालेसफाईत फोमच्या गाद्या निघतात हेही त्याच चित्राचा भाग आहे. पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं आणि सोफे यांचे ढीग लागले. दिवाळी महिन्यावर होती.

दुसरी पळवाट आगीची. संक्रांतीच्या आदल्या पहाटे इथे भोगीची शेकोटी पेटते. मोडकी लाकडं आणि झिजलेल्या चटया तिच्यात टाकायची रीत जुनी आणि त्या काळाला शोभणारी. आता त्याच शेकोटीत फोमची गादी आणि सनमायकाचं दार गेलं, तर फोममधून हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघतो आणि पाट्यांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड. शेकायला बसलेली पोरं तेच हुंगतात.

तिसरी पळवाट पुण्यकर्माची, म्हणून ती अधिक अवघड: दान. 'गूंज'सारख्या संस्था वापरण्याजोगं सामान योग्य हाती पोचवतात, पण पाय मोडलेली खुर्ची कामवाल्या बाईंच्या गळ्यात मारणं म्हणजे आपला टेम्पोखर्च त्यांच्यावर ढकलणं. त्यांच्या दीड खोलीत ती ठेवणार कुठे?

मुळात अडतं ते मनात. जुनी वस्तू गेली तर चार पैसे आले पाहिजेत, ही रद्दीने आणि बोहारणीने लावलेली सवय आहे. कागद, पितळ, जरीच्या साड्या यांच्या बाबतीत ती रास्त होती. फोमच्या बाबतीत पैसे द्यावे लागतील, हे कुणी गळी उतरवून घेत नाही. जपानमध्ये मोठं सामान टाकायचं तर आधी नाव नोंदवून शुल्काचा स्टिकर विकत घ्यावा लागतो. फ्रान्समध्ये २०१३ पासून नव्या फर्निचरच्या किमतीतच त्याच्या विल्हेवाटीची छोटी रक्कम धरलेली असते. आपल्याकडे पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने 'व्ही-कलेक्ट' मोहिमेतून जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचरा गोळा करायचा पायंडा पाडला. सामान ओळखणारे हात सामान उचलतात, हे त्यातलं शहाणपण.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पुजली जाते आणि अलक्ष्मीला घराबाहेर काढलं जातं. तिचा पुढचा पत्ता विचारायची पद्धत नव्हती, कारण तेव्हाच्या केरात मातीत न मिसळणारं फारसं काही नसे. दिवाळी येईल तेव्हा बहुतेक घरांची साफसफाई आटोपलेली असेल आणि जिन्याखाली एखादी गादी उभी असेल. हैदराबादच्या सोसायट्या दिवाळीच्या रोषणाईची आणि फराळाची वर्गणी न कुरकुरता काढतात. त्याच वर्गणीत एका टेम्पोचं भाडं आणि एका सुताराची दिवसाची मजुरी सहज बसते. सुताराने लाकूड, काच, लोखंड, फोम वेगळं केलं की निम्मं सामान भंगारवाला आपणहून नेईल. उरलेलं कुठे उतरवायचं ते महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात आधी विचारावं, आणि टेम्पोवाल्याला पोच आणायला सांगावं.